वरचं नगं, पाय दाखवा

नाचाच्या सिनेमात शेवटी बाप उठून टाळ्या वाजवायला लागला, की मला हल्ली हसू येतं. मागच्या महिन्यात सून मला बीडला सिनेमाला घेऊन गेली होती. तोच प्रकार. मुलीनं नाचू नये म्हणून दोन तास आकांडतांडव करणारा बाप शेवटच्या स्पर्धेला मागच्या रांगेत येऊन बसला, त्यानं डोळे पुसले, उभा राहिला आणि लागला टाळ्या पिटायला. आजूबाजूच्या बायका नाकाला रुमाल लावत होत्या आणि मी खुदूखुदू हसत होते. सून कानाशी लागून म्हणाली, "आई, लोक बघतायत." बघेनात का! पूर्वी याच जागी मी ढसाढसा रडायचे. माझं हे चांगलं चाललेलं रडणं केरामावशीनं बिघडवलं.

नोकरीच्या उत्तरार्धातली चार वर्षं मी वडवणीच्या शाळेत काढली. गावाच्या कडेला भाड्याची खोली, पुढं अंगण, आणि अंगणाच्या पलीकडं केरामावशीचं पत्र्याचं घर. घर मेंढपाळाचं. नवरा सोपान नुकताच गेलेला, मुलगा महादू मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन बघायचा. मावशीला वय विचारलं तर "मोठा दुष्काळ पडला तवा मी आयच्या खांद्याला लागले व्हते" एवढंच उत्तर मिळायचं. बाई काटक. नुसता डावा गुडघा तेवढा कुरकुरायचा. त्याच्याशी ती सासूशी बोलावं तसं बोलायची. उठताना म्हणायची, "चला, आता नखरे पुरे."

तिची माझी ओळख झाली ती घुंगरांमुळं. रविवारची दुपार होती, मी टीव्हीवर नाचाचा एक सिनेमा लावून बसले होते. मला असले सिनेमे फार आवडतात, पण हे मी शाळेत कुणाला सांगत नसे. वर्गात छडी घेऊन फिरणारी बाई घरी नायिकेच्या गिरक्या बघत बसते हे कळलं तर धाक काय राहील? तर घुंगरू वाजले आणि दारात मावशी उभी. "कोण नाचायलंय?" म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता आत आली.

ती टीव्हीच्या इतकी जवळ बसली की मला वाटलं, हिचे डोळे अधू असावेत. पण तसं नव्हतं. नायिका नाचायला लागली तशी मावशीनं तळहात आडवा धरून टीव्हीचा वरचा अर्धा भाग झाकून टाकला.

"मावशी, अगं हे काय?"

"वरचं नगं. वर नुसतं तोंड करायलीय ती. पाय बघू द्या."

पण पाय कुठले दिसायला! क्षणभर डोळे, क्षणभर कंबर, मग उडणारी ओढणी, मग तोंडाचा आ करून बघणारी माणसं. पाय दिसले न दिसले तोच पुन्हा डोळे. मावशी बेजार झाली. "आवं, ही नाचायलीय का न्हाई? पाय कावून लपवायलेत हिचे? चोरीचे हायेत का?"

त्या दिवसापासून दर रविवारी ती यायला लागली. येताना शेंगा नाहीतर बोरं पदरात बांधून आणायची, टीव्हीपुढं ठाण मांडायची, तळहात आडवा. वर्षभरात मी नाचाचे जेवढे सिनेमे बघितले, त्यातले निम्मे कमरेखालीच बघितले असं म्हणायला हरकत नाही. आणि खरं सांगते, त्याआधी मला नाच बघता येत नव्हता. कोण खरंच तालात आहे आणि कोण नुसती भुवया उडवून वेळ मारून नेते आहे, हे मला तिच्या तळहातामुळं कळायला लागलं.

तिची मतं धारदार होती. एका सिनेमात गुरुजी नायिकेच्या पोटऱ्यांवर काठी मारतात आणि ती रक्ताळल्या पायांनी नाचत राहते. मी भारावून गेले होते. मावशी म्हणाली, "ह्या बाबाजवळ धा मेंढरं बी टिकायची न्हाईत. काठीनं मेंढरू पळतंय, चालत न्हाई. आन् ही बी येडीच. पाय फुटला तर गुमान बसावं का न्हाई?" मला माझी छडी आठवली. सोमवारी ती कपाटावर टाकली, ती बदली झाली तरी खाली काढली नाही.

दुसऱ्या एका सिनेमात नायिका देशभरातली मोठी स्पर्धा जिंकते, वरून कागदाचे चकचकीत तुकडे पडतात आणि सिनेमा संपतो.

"मंग? पुढं?" मावशीनं विचारलं.

"संपला की."

"आन् नाच?"

"अगं, ती जिंकली ना."

"ते बघितलं मी. पर जितल्यावर ती नाचती का न्हाई? का जितली की घरला? म्हंजे हिला नाचायचं व्हतं का जितायचं व्हतं?"

तीस वर्षं मी स्नेहसंमेलनात पहिला-दुसरा-तिसरा क्रमांक काढत आले होते. मी चहा ठेवायला उठले.

आणि तो टाळ्या वाजवणारा बाप! त्याच्यावर तिचा भारी राग. "दोन तास पोरगी जीव तोडून नाचली ते काय न्हाई, आन् ह्यानं टाळी पिटली की झाली व्हय ती नाचणारीन? आन् बाई, तुमी दर वेळंला ह्याच जागी रडता. पिच्चर बदलतोय, बाप बदलतोय, तुमचं रडू तेच." मी चिडून म्हणाले, "माझे डोळे, माझं पाणी, तुझं काय जातं?" माझ्या वडिलांनी मला शाळेच्या लेझीममध्येसुद्धा उभं राहू दिलं नव्हतं, हे मी तिला कधी सांगितलं नाही. पण काहीतरी ओळखलं असावं तिनं. कारण त्यानंतर पडद्यावर बाप उभा राहिला की ती तोंडानं टोमणा मारायची आणि हातानं पदराचं टोक माझ्याकडं सरकवायची.

एकदाच ती सिनेमा अर्धा टाकून उठली. त्यात एक मुलगी पुरुषांच्या नाचाच्या फडात शिरते, आधी सगळे अडवतात, मग तिचा नाच बघून सगळे तिला खांद्यावर घेतात. मावशीनं कधी नव्हे तो तळहात खाली घेतला होता. सगळा पडदा बघत होती. मग एकदम म्हणाली, "खोटं हाय." आणि गुडघ्याला न बोलता निघून गेली.

दोन दिवसांनी मी भाकरीच्या निमित्तानं तिच्याकडं गेले, तेव्हा चुलीपुढं बसून तिनं सांगितलं. यांच्या वस्तीत गजीचा नाच असतो. मधे ढोल, भोवती पुरुषांचा फेर, हातात रुमाल. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन चार-सहा महिने बाहेर पडायचं असतं, त्याच्या आधी बिरोबाच्या माळावर जत्रा भरते आणि तिथं हा नाच होतो. बायकांनी लांबून बघायचा. बाईचा पाय रिंगणात पडला की ढोल थांबवायचा, ही तिथली रीत. मावशी लग्न होऊन नवी आली तेव्हा सोपान फेराचा म्होरक्या होता. त्याचे पाय बघता बघता हिचं भान गेलं आणि ही दोन पावलं आत गेली.

"ढोल थांबला. समदा माळ मपल्याकडं बघायलेला. त्यो मातर काय बोलला न्हाई. घरी आल्यावर नुस्ता म्हणला, दोन्ही पावलं तालात व्हती तुपली." एवढं सांगून ती हसली. "तवापास्नं मी लांबच उभी ऱ्हाते. पर ध्यान पायाकडं. दिसभर मेंढरामागं हिंडायचं, माळावर कोण हाय बघायला? बघितलेलं समदं तिथं करून बघायची."

म्हणजे ही बाई चाळीस वर्षं मेंढरांपुढं नाचत होती! मी तोंडात बोट घातलं.

मग खरं दुखणं बाहेर आलं. नाच संपत आला की ढोल बदलतो आणि सगळा फेर माघारी वळतो. याला ते उलटा फेर म्हणतात. उलट जाता जाता तीनदा खाली बसायचं, उजव्या हाताची बोटं मातीला लावायची आणि गिरकी घेत उठायचं. बाहेर पडलेलं प्रत्येक माणूस आणि प्रत्येक मेंढरू माघारी यावं, म्हणून हा फेर. सोपान होता तोवर सगळे त्याच्या पायांकडं बघून नाचायचे, त्यामुळं कुणी आपल्या डोक्यात काही ठेवलंच नव्हतं. तो अचानक गेला आणि उलटा फेर त्याच्याबरोबर गेला. आता म्होरक्याच्या जागी महादू. ढोलवाले लिंबाजीबाबा दरवर्षी ढोल बदलतात, माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघतात, दोघेतिघे चुकीच्या बाजूला वळून धडकतात आणि बाबा ढोल थांबवतात.

"तीन वर्सं झाली बाई, माणसं नुसतीच जायलीत. माघारी बोलवायलंच न्हाई कुणी." तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "लिंबाजीबाबाचे हात थरथरायलेत. त्यो ताल त्याच्यापाशी हाय, पाय मपल्यापाशी हायेत. दोघं बी पिकलं पान. आमी गेलो की मिटलं."

"मग सांग ना महादूला!"

"सांगितलं. त्यो म्हणला, आय, तोंडानं नाच सांगता येतो व्हय? आन् त्याच्या संगतीचे हसले. एक तर म्हणला, आता म्हाताऱ्या शिकवणार का गजी."

माझं डोकं तापलं. मी म्हटलं, मी येते वस्तीवर, मी बोलते त्यांच्याशी, बाईमाणसाला काय समजता म्हणून. मावशीनं शांतपणे भाकरी उलटली. "तुमी जाल, बोलाल, ते माना डोलावतील. गुरुजी-बाईपुढं कुणी बी डोलवतंय. फेर यायचा का त्येनं?"

पुढच्या रविवारी सिनेमा सुरू होता. ती मधेच म्हणाली, "बाई, तुमच्या फोनात नुस्ते पाय येतेत का? वरचं समदं सोडून?"

येतात की! न यायला काय झालं?

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती माझ्याकडं आली. काखेत गाठोडं. अंगणाचं फाटक लावायला लावलं, आत गेली आणि बाहेर आली ती सोपानचं धोतर नेसून. वर तिचीच चोळी आणि पदरासारखं गुंडाळलेलं फडकं, खाली पांढरं धोतर आणि भेगाळलेले, रुंद, मातीच्या रंगाचे पाय. मला हसूही आलं आणि गलबलूनही आलं. लुगडं का नको, असं मी विचारलं नाही. कळत होतं.

ताल धरायला मी पिठाचा डबा घेतला होता. "आसा न्हाई. डब्याला मारायलात का चोराला?" असं दोनदा ऐकून घेतल्यावर मला कसाबसा ताल सापडला. एका हातानं डबा, दुसऱ्या हातात फोन, आणि फोनमध्ये फक्त गुडघ्याखालचं. ती नाचायला लागली. मी इतके सिनेमे बघितले, पण पाय इतके हलके असू शकतात हे मला माहीत नव्हतं. कुरकुरणारी म्हातारी कुठं गेली, देव जाणे. उलट वळली. पहिली बसकण, बोटं मातीला, गिरकी. दुसरी. तिसऱ्या बसकणीला डावा गुडघा वाकेना. ती अर्ध्यातच अडकली, एक बारीकशी उडी मारून तिनं तोल सावरला आणि पुढची गिरकी पुरी केली.

मी म्हटलं, "मावशी, ते तेवढं पुन्हा घेऊ. सिनेमावालेसुद्धा दहा-दहा वेळा घेतात."

ती घामानं निथळत ओट्यावर बसली होती. "न्हाई. नाच मधी तोडायचा न्हाई आन् संपलेला उकरायचा न्हाई. आन् गुडघा आता मपलं ऐकायचा बी न्हाई. ऱ्हाऊ द्या."

डब्याचा आवाज पुसून टाकून मी ते चित्रण महादूच्या फोनवर पाठवलं. तिनं पढवल्याप्रमाणं खोटंही बोलले: तुझ्या आईच्या जुन्या फोनात सापडलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या वस्तीनं ते बघितलं. "सोपानबाचे पाय! हुबेहूब!" एका म्हाताऱ्यानं म्हणे फोनलाच हात जोडले. लिंबाजीबाबा नुसते बघत बसले आणि त्यांची बोटं मांडीवर वाजायला लागली. रोज माळावर तालीम सुरू झाली. जो 'म्हाताऱ्या शिकवणार का' म्हणाला होता, तो सगळ्यांच्या आधी हजर.

माझ्या जिवाचा नुसता संताप. "मावशी, मी सांगणार आहे. तुझे पाय आणि नाव त्याचं?"

"सांगा की. मंग नाचंल कोण?"

मी पिठाचा डबा आदळून जागेवर ठेवला.

"त्याचेच हायेत वो ते पाय," ती समजुतीनं म्हणाली. "त्याच्याच पायांकडं बघून शिकले न्हवं मी? पिच्चरवाल्यांनी तोंड दाखवलं, पाय लपवले. आपण पाय दाखवले, तोंड लपवलं. आपलं बरं हाय की."

त्या जत्रेनंतर माझी बदली झाली, आणि पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. निरोप मला उशिरा मिळाला. त्यामुळं माझ्यापाशी तिची शेवटची आठवण आहे ती त्या माळावरचीच.

दुपार कलली होती. भंडारा उधळून झाला, चांगभलं झालं, फेर सुरू झाला. मावशी नेहमीच्या जागी, रिंगणापासून वीस पावलं लांब, चपला काढून उभी. मी शेजारी. महादू म्होरक्या. मी त्याचा चेहरा बघत होते. मावशीनं माझ्या डोळ्यांपुढं तळहात आडवा धरला. बरं बाई, पाय तर पाय.

ढोल बदलला. आणि सगळा फेर एका दमात माघारी वळला. कुणी धडकलं नाही. पहिली बसकण, बारा हात मातीला, बारा गिरक्या. दुसरी. मावशीचे ओठ हलत होते, ती एकेकाला नावानं बोलावत होती की काय कोण जाणे. आणि तिसरी बसकण. बाराच्या बारा गडी अर्ध्यातच थांबले, डाव्या पायावर एक बारीकशी उडी मारली आणि मग गिरकी घेऊन उठले.

मावशीनं माझा दंड घट्ट धरला. "आगं बया! बाई, बघा की! मपला गुडघा नाचायलाय!" आणि पदर तोंडात कोंबून ती हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. विशीतली पोरं, लोखंडासारखे गुडघे त्यांचे, आणि म्हातारीची कळ मोठ्या श्रद्धेनं नाचत होती. मलाही हसू आवरेना.

नाच संपला. आता लाज वाटते सांगायला, पण मी वाट बघत होते. इतके सिनेमे बघितलेलं मन. कुणीतरी वळेल, कुणाच्या तरी लक्षात येईल, कुणीतरी पहिली टाळी वाजवेल. पण गजीला कुणी टाळ्या वाजवत नाही. माणसं खाली बसली, फेट्याच्या शेवांनी घाम पुसायला लागली, लिंबाजीबाबांनी ढोलावर डोकं टेकून डोळे मिटले.

थोड्या वेळानं महादू चहाचे दोन पेले घेऊन आला. एक मला दिला. दुसरा आईच्या हातात देऊन तिच्यासमोर उकिडवा बसला. तिच्या तोंडाकडं न बघता, तिच्या उघड्या पायांकडं बघत हळू आवाजात म्हणाला,

"आय, तिसऱ्या बसकणीला लई दुखला आसंल न्हवं?"

मावशीनं डाव्या गुडघ्यावर हात ठेवला. मग म्हणाली, "न्हाई रं. थोडाच."

"आमी ते तसंच ठिवलंय," महादू म्हणाला आणि उठून आपल्या माणसांत जाऊन बसला.

माझ्या डोळ्यांपुढचं सगळं धूसर झालं. शेजारून पदराचं टोक माझ्या हातावर येऊन पडलं.

"बाई," केरामावशी चहाचा भुरका मारून म्हणाली, "हितं तर कुणी टाळ्या बी न्हाई वाजवल्या. आता कावून रडायलात?"